केळ्याची रांग, अंड्याची रांग

आमच्या शाळेत दुपारी दोन रांगा लागतात. एक अंड्याची, एक केळ्याची. बेळगाव तालुक्यातली सरकारी मराठी शाळा आहे, गावाचं नाव राहू दे. कागदावर अक्षर दासोह आणि पोरांच्या तोंडी बिसिऊट अशी जी दुपारच्या जेवणाची योजना आहे, त्यात भात-सांबार वाढून झालं की अंडं मिळतं, आणि ज्यांच्यात अंडं चालत नाही त्यांना केळं, आधी चिक्कीपण असायची. जूनमध्ये आम्ही घरोघरी विचारून यादी करतो पण ती यादी कागदावरच राहते, कारण सोमवार आला की अंड्याच्या यादीतली निम्मी पोरं केळ्याच्या रांगेत येऊन उभी, सोमवार महादेवाचा म्हणून, गुरुवारी अजून थोडी सरकतात, आणि श्रावणात तर अंड्याच्या रांगेत आठ-दहाच डोकी उरतात. उलटंही होतं. केळ्याच्या यादीतला एखादा पोरगा अंड्याकडं बघत तसाच उभा राहतो आणि मागचा त्याला ढोसतो, "तुमच्यात चालत नाही की रे, सरक तिकडं."

आमच्यात, तुमच्यात, त्यांच्यात. बाराखडी नीट यायच्या आधी पोरांना हे तीन शब्द येतात. मी अठरा वर्षं झाली समाज विज्ञान शिकवते, आणि सरकारी शाळेत धर्म शिकवावा की नको यावर मोठी माणसं भांडायला लागली की मला ती रांग आठवते. धर्म रोज दुपारी एक वाजता शाळेच्या पडवीत शिकवला जातोय, आणि तिथं शिकवणारं जबाबदार असं कुणीच नाही. उरलेलं पोरं फोनवर शिकतात. 2022 ला हिजाबवरनं राज्यभर जे पेटलं तेव्हा माझ्या सातवीच्या वर्गाला त्यातलं जे काही कळलं ते सगळं टीव्हीवरनं आणि मोठ्या भावाच्या व्हॉट्सअपवरनं, माझ्याकडनं काहीच नाही, कारण मी घाबरून तो विषयच वर्गात येऊ दिला नव्हता. त्याचं मला आजपण वाईट वाटतं.

मग एकदा मी जेवणापासनंच सुरुवात केली. पोरांना विचारलं, दासोह म्हणजे काय? सगळे एका सुरात, "जेवण!" म्हटलं नाही, बसा, सांगते. 2002 मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हा सरकारनं नाव घेतलं ते बसवण्णांच्या शरणांकडनं, बाराव्या शतकातलं. कायक आणि दासोह अशी ती जोडी आहे. कायक म्हणजे घाम गाळून कमवायचं, आणि दासोह म्हणजे त्या कमाईतलं लोकांना वाढायचं, पण उपकार केल्यासारखं नाही, वाढणाऱ्यानं स्वतःला सेवक समजून. तिसऱ्या बाकावरचा लिंगायतांचा पोरगा, एरवी तोंड उघडत नाही, एकदम ताठ बसला, "टीचर, आमच्या मठात असतंय की!" मग काय, वर्ग सुटलाच. कुणी यल्लम्माच्या जत्रेतलं जेवण सांगितलं, कुणी मारुतीच्या देवळातला महाप्रसाद, आणि एक मुलगी म्हणाली आमच्यात ईदच्या नमाजाआधी गरिबाला धान्य द्यावं लागतं, नाही दिलं तर रोजा पुरा होत नाही म्हणते आजी. मी त्यांना शिखांच्या लंगरबद्दल सांगितलं, की तिथं राजा आला तरी जमिनीवर सगळ्यांबरोबर बसतो, आणि त्या बसण्याला शीख काय म्हणतात माहिती आहे का, पंगत. आपलाच शब्द. पोरांना हे इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी जेवताना "लंगर बसली, लंगर बसली" म्हणून ओरडायलेत! आणि शीख म्हणजे कुठले तरी लांबचे असं नको म्हणून सांगितलं की 1699 मध्ये गुरु गोविंदसिंगांनी ज्या पाच जणांना पंचप्यारे केलं त्यातले भाई साहिबसिंग आपल्या बिदरचे, आणि त्यांच्या ग्रंथसाहिबात आपल्या नामदेवांची 61 पदं आहेत. चाळीस मिनिटांच्या तासात एका जेवणाच्या ताटावरनं चार धर्म झाले, पुस्तक उघडलंच नाही.

असं प्रत्येक गोष्टीत आहे हो. सकाळी प्रार्थनेला नाडगीत, म्हणजे कर्नाटकाचं राज्यगीत होतं, त्यात हिंदू, ख्रैस्त, मुसलमान, पारसिक, जैन अशी नावं ओळीनं येतात आणि आमची मराठी पोरं ती कन्नड ओळ तोंडपाठ म्हणतात. सहावीतल्या एकानं विचारलं, "पारसिक म्हणजे काय ओ टीचर?" किती वर्षं म्हणतोय आम्ही ते गीत, कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. त्याला जरथुष्ट्र सांगितला, इराण सांगितलं, गुजरातच्या किनाऱ्यावर आलेली माणसं सांगितली, अग्यारीतला अग्नी सांगितला, आणि शेवटी टाटा सांगितले तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला, "म्हणजे आमच्या ट्रकवाले!"

पण मी सुरुवातीपासनं असं शिकवत नव्हते, आणि एका गोष्टीनं मला शिकवलं ती सांगितल्याशिवाय हा लेख पुढं जाणार नाही.

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या वर्गात एक तक्ता टांगलेला असायचा, तुम्हीपण बघितला असेल, जगातले प्रमुख धर्म, आणि पुढं रकाने: संस्थापक, ग्रंथ, प्रार्थनास्थळ, चिन्ह. परीक्षेला सोपा पडतो म्हणून मी तोच शिकवायचे. त्या दिवशी जैन धर्म होता. महावीर, अहिंसा, अपरिग्रह झालं, आणि मग मी फळ्यावर लिहिलं: जैन लोक कांदा, लसूण, बटाटा खात नाहीत, सूर्यास्ताआधी जेवतात. लिहून वळले तर वर्गातली एकुलती एक जैन मुलगी मान खाली घालून बोटानं बाक खरवडत बसलेली. पेन्सिलीनं नाही, नखानं. तास संपल्यावर सगळी गेली आणि ती तशीच थांबली, मग हळूच म्हणाली, "टीचर, आमच्या शेतात बटाटाच असतो. आई भाजीपण करते. मग आम्ही कोण?"

मला काही बोलताच येईना. त्या पोरीचे वडील शेतकरी, आमच्या या भागात बटाटा, रताळं हेच तर पीक, आणि चिकोडी, निपाणी, अथणीकडं जाल तर शेतात राबणारे जैन गावोगाव भेटतील. थोर दिगंबर आचार्य शांतिसागर त्याच निपाणी भागातल्या भोज गावचे, शेतकऱ्याच्या घरातले. आणि मी कुठल्या तरी तक्त्यातला जैन फळ्यावर लिहून माझ्यासमोर बसलेल्या खऱ्या जैन पोरीला तिच्याच धर्मातनं बाहेर काढलं.

चार दिवसांनी मी तिच्या आजीला शाळेत बोलावलं. पांढरं लुगडं, हातात कापडाची पिशवी, खुर्ची दिली तर आधी पदरानं हलकेच झाडून मग बसल्या, मुंगी-बिंगी असली तर चिरडू नये म्हणून, आणि ते बघून पोरं जी गप्प झाली ती शेवटपर्यंत गप्प. आजी सांगायला लागल्या की पाणी गाळून का पितात, रात्री दिव्यावर किडे येतात म्हणून जेवण आधी का उरकायचं, चातुर्मासात त्या कंद कसे सोडतात. एका पोरानं विचारलं, मग तुमच्या घरात बटाटा कसा काय? आजी हसल्या. म्हणाल्या, "बाळ, नेम ज्याचा त्यानं घ्यायचा असतो. मला झेपतो तेवढा मी घेतलाय, सुनेला झेपेल तेव्हा ती घेईल." नात पहिल्या बाकावर बसून सगळ्या वर्गाकडं बघत होती. तक्ता मी त्याच दिवशी काढला आणि परत लावला नाही.

आता कुणी म्हणेल, सरकारी शाळेत हे चालतं का? आमच्या स्टाफरूममध्येच म्हणाले एक सर, "घटनेचं कलम 28 आहे टीचर, उद्या कुणी बीईओ ऑफिसला, तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्याकडं अर्ज केला तर?" कलम 28 मी वाचलंय. पूर्ण सरकारी खर्चानं चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही, म्हणजे असं वागा, अशी पूजा करा, हे खरं असं शिकवायचं नाही, आणि ते बरोबरच आहे, मला स्वतःला ते कलम फार मोलाचं वाटतं. पण धर्माचं शिक्षण आणि धर्मांविषयीचं शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कोठारी आयोगानं 1964 ते 66 च्या कामातच स्पष्ट करून ठेवलंय, आणि 2002 मध्ये अरुणा रॉय यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानंपण सांगितलं की धर्मांची माहिती देणं, त्यांचा अभ्यास करणं याला 28 ची आडकाठी नाही. अमेरिकेत तर सरकारी शाळेतलं बायबलवाचन आणि प्रार्थना बंद करणाऱ्या 1963 च्या निकालातच कोर्टानं म्हटलं की अभ्यास म्हणून धर्म शिकवायला हरकत नाही. म्हणजे दार उघडं आहे. प्रश्न आत जाऊन काय करायचं एवढाच आहे.

इंग्लंडमधली एक गोष्ट मला फार पटते. तिथं स्थानिक कारभाऱ्यांच्या ताब्यातल्या शाळांतला धर्माचा अभ्यासक्रम लंडनमधनं येत नाही, त्या त्या भागात ठरतो. चार गट बसतात, एक चर्च ऑफ इंग्लंडचा, एक बाकीचे ख्रिस्ती पंथ आणि इतर धर्मांचा, एक शिक्षकांचा आणि एक स्थानिक कारभाऱ्यांचा, आणि चारही गटांचं एकमत झाल्याशिवाय अभ्यासक्रम पुढं जात नाही. आणि तरीही आईवडिलांना वाटलं तर पोराला त्या तासातनं काढून घ्यायचा हक्क आहे. नॉर्वेत उलटं झालं होतं, 1997 ला नवीन विषय आणला, त्यात ख्रिस्ती धर्माला झुकतं माप, आणि पूर्ण सूट मिळेना म्हणून काही पालक भांडत थेट युरोपच्या मानवी हक्क कोर्टापर्यंत गेले आणि 2007 ला जिंकले. मला यातनं एवढं कळतं की वरनं एकच पुस्तक पाठवून हा विषय होणार नाही. आमच्या तालुक्याचा अभ्यासक्रम आमच्या तालुक्यातल्या माणसांनी बसून करायला पाहिजे, एसडीएमसीत, म्हणजे शाळेच्या समितीत जसे पालक बसतात तसे, त्यात मौलवी पाहिजेत, फादर पाहिजेत, मठातलं कुणी पाहिजे, बुद्धविहारातलं कुणी पाहिजे, आणि दोन आज्या तरी पाहिजेतच.

कारण आमच्याकडं शिकवायला लागणारं सामान जागेवरच आहे की! बेळगावच्या किल्ल्यात मी दरवर्षी पोरांना नेते, सेंट्रल बस स्टँडला उतरलं की चालत. दारातच गणपती आणि दुर्गादेवी. आत कमल बस्ती, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज यानं 1204 ला बांधलेली, आत नेमिनाथ, आणि वर बघितलं की छतातनं खाली झुकलेलं दगडाचं कमळ. पोरं मान दुखेपर्यंत बघतात. तिथनं पुढं सफा मशीद, आदिलशाही सरदार असदखानाची. आणि रामकृष्ण आश्रम, कारण विवेकानंद ऑक्टोबर 1892 ला बेळगावात राहिले होते, शिकागोच्या सर्वधर्म परिषदेच्या अकरा महिने आधी. एका सकाळच्या चालण्यात एवढं होतं.

तिथं एक अवघड प्रश्न दरवर्षी येतो आणि मी तो टाळत नाही. मशिदीतल्या खांबांवर जुने कन्नड लेख आहेत हे कळलं की कुणीतरी विचारतंच, "टीचर, म्हणजे देऊळ पाडून बांधली काय?" मी म्हणते, बघ, हा खांब आधी दुसऱ्या कुठल्या तरी इमारतीत होता हे त्या लेखावरनं कळतं, तो कुठनं आला, कधी आला, कुणी आणला हे इतिहासाचे प्रश्न आहेत, त्याला पुरावे बघायचे. राजे लढाईत काय काय करायचे ते आपण इतिहासाच्या तासाला शिकू, सगळ्या राजांचं शिकू. पण नमाज म्हणजे काय, माणूस पाच वेळा वाकतो तेव्हा त्याच्या मनात काय असतं, हे त्या खांबाला विचारून कळणार नाही, त्यासाठी नमाज पढणाऱ्या माणसाला विचारावं लागेल. हे दोन तास एकात एक कालवले की दोन्ही नासतात. आणि खानापूर तालुक्यातली हलशी दाखवते नकाशावर, तिथं कदंब राजा मृगेशवर्मा यानं पाचव्या शतकात जिनालय बांधलं आणि जैन साधूंना दान दिलं, ते ताम्रपटांवर लिहिलेलं आहे. हेपण राजेच.

आमच्या भागात अजून एक गंमत आहे, गंमत म्हणण्यापेक्षा शिदोरी आहे. 1956 ला राज्यं आखली तेव्हापासनं इथं आपण आणि ते हे भाषेवरनं मोजलं जातं, पण धर्म त्या रेषेवर बसतच नाही. जैन मराठी बोलतो आणि कन्नडही बोलतो, माझ्या वर्गातली मुसलमान मुलगी घरात उर्दू, शाळेत मराठी आणि बसमध्ये कन्नड बोलते. मुसलमानाचं एकही घर नसलेल्या गावांतपण मोहरमला पंजे बसतात. मी लहानपणी आजीचा हात धरून पंजाला चोंगे घेऊन जायची, गुळाचे, त्यावर ठसे उठवलेले, आणि आजी घरी येऊन त्याच हातानं तुळशीला पाणी घालायची. कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. ते सगळं चांगलं होतं असं म्हणून मी भोळेपणा करत नाही, त्याच गावात विहिरीवर कोण पाणी भरणार आणि कोण लांब उभं राहणार हेपण ठरलेलं होतं. म्हणून हिंदू धर्म शिकवताना मी सणच सांगून थांबत नाही, जात सांगते, चोखोबा पायरीशी का राहिले ते सांगते, आणि बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बौद्ध धर्म का घेतला तेपण सांगते. माणूस धर्म सोडतो, बदलतो, आतनंच त्याच्याशी भांडतो, हे धर्माबाहेरचं काही नाही, धर्माच्या धड्यातच ते यायला पाहिजे.

आणि आपल्या मराठीत काय कमी आहे? येशूची सगळी कथा 1616 मध्ये शेजारच्या गोव्यात छापली गेली ती मराठी ओव्यांत, फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्यानं रचलेली. श्रीगोंद्याचे शेख महंमद मुसलमान घरातले, मराठी संतकवी. कोकणातले ज्यू, बेने इस्राएल, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे, मराठीतच. शब्बाथ म्हणजे काय हे पोरांना सांगायला मला एवढा एक शब्द पुरतो.

शिकवायची रीत विचाराल तर मला एका क्रियापदानं वाचवलंय. मानतात. देव आहे असं शिक्षकानं म्हणायचं नाही, देव नाही असंपण म्हणायचं नाही, म्हणायचं की हे लोक असं मानतात, आणि त्यातले काही असं मानतात, आणि काही अजिबात मानत नाहीत. पण खरी कसोटी पुढं आहे, हे क्रियापद स्वतःच्या धर्मालापण लावायचं. कुराण अल्लाहनं पाठवलं असं मुसलमान मानतात, येशू मेल्यावर तिसऱ्या दिवशी उठला असं ख्रिस्ती मानतात, हे म्हणायला जीभ अडखळत नाही, पण रामाचं नाव आलं की आपण सरळ "राम अयोध्येला परत आले" म्हणून पुढं जातो. वर्गातल्या बाकीच्या पोरांना त्या एका वाक्यात कळतं की टीचर कुणाच्या बाजूच्या.

यावरनं एक पालक तावातावानं आले होते. म्हणाले, "ओ टीचर, आमच्या गणपतीला तुम्ही मानतात म्हणालाव म्हणे? तो आहेच की!" मी त्यांना बसवलं, चहा सांगितला. म्हटलं दादा, तुमच्या घरात "आहे" म्हणा, तो तुमचा हक्क, पोरानंपण घरात "आहे" म्हणावं. शाळेत मी "मानतात" म्हणते, कारण माझ्या वर्गात सगळ्यांचे देव बसलेले असतात आणि मी पगार सगळ्यांचा खाते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. चहा संपवून उठताना म्हणाले, "बरं. पण मग सगळ्यांना तेच लावा. कुणाला सोडू नका." मला वाटतं हा विषय याहून चांगला मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलेला नाही.

बाकी माझ्याकडं एक बिस्किटाचा रिकामा डबा आहे, झाकणाला चीर पाडलेली. पोरं त्यात धर्माबद्दलचे प्रश्न टाकतात, नाव घालायचं नाही, आणि शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला मी तो उघडते. मेलेल्या माणसाला काही जण पुरतात आणि काही जण जाळतात ते का. चर्चमध्ये पाव देतात तो गोड असतो काय. माझ्या मैत्रिणीची आई मशिदीत का जात नाही. आमचे बाबा गळ्यात घालतात ती लिंगाची डबी उघडून बघितली तर चालते काय. ज्याचं उत्तर गावात कुणाकडं असेल त्याला आम्ही बोलावतो, आणि लोक येतात हो, हातातलं काम टाकून येतात, अजून कुणी नाही म्हटलेलं नाही.

परवा एक चिठ्ठी निघाली. "देव न मानणाऱ्यांच्यात सण कुठला असतोय?" अक्षर मी ओळखलं, पण ओळख दाखवली नाही. आमच्या गावात असं उघड म्हणणारे एकच आहेत, वाचनालयात रोज सगळे पेपर वाचून काढणारे, सत्तरीतले, पोरं त्यांना लांबनंच काका म्हणतात. काल शाळा सुटल्यावर मी जाऊन त्यांना विचारलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, चिठ्ठी दोनदा वाचली आणि म्हणाले, शनिवारी किती वाजता येऊ?